आजार रेड्याला, डाग पखालीला

आपल्याकडे एक म्हण आहे : आजार रेड्याला आणि डाग पखालीला. पाणी वाहणारा रेडा आजारी, आणि तापल्या सळईचा डाग बसतो त्याच्या पाठीवरच्या कातडी पखालीला! म्हण ऐकून आपण हसतो. पण हसता हसता रोज कुठल्या ना कुठल्या पखालीला डाग देतच असतो.

तर्कशास्त्राच्या तासाला सरांनी आम्हांला मिलच्या अन्वय आणि व्यतिरेक पद्धती शिकवल्या. जॉन स्टुअर्ट मिलने त्या १८४३ साली आपल्या ग्रंथात मांडल्या. कार्याचे कारण शोधायचे तर बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलावी, आणि काय फरक पडतो ते पाहावे. वहीत मी हे सुवाच्य अक्षरांत उतरवून घेतले. उमगले मात्र घोटीजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, रात्री साडेअकराला.

आमच्या घरी एक जुना ट्रक आहे. अण्णा चालवतात, सुट्टीत मी क्लीनर होतो. ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट मिळतात. गंमत अशी की बॅटरी स्वतः काही कमावत नाही, ती नुसती साठवते. कमावतो तो अल्टरनेटर. आमच्याकडचे ड्रायव्हर त्याला अजून डायनामोच म्हणतात. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो, वीज तयार करतो, दिवे पेटवतो आणि उरलेली बॅटरीत भरतो. घरातली कणगी आणि शेत यांचे जे नाते, तेच या दोघांचे. शेत पिकले नाही तर कणगी रिकामी होणारच. मग कणगी बदलून काय उपयोग?

पण आमच्याकडे नेमके तेच झाले. सकाळी सेल्फ मारला की इंजीन कण्हायचे. एका दुकानदाराने मीटर न लावताच निदान केले, "बॅटऱ्या गेल्या." नव्या बॅटऱ्यांची जोडी उधारीवर आली, जुनी भंगारात गेली. पुन्हा चार दिवसांत तेच कण्हणे!

दिवाळीच्या सुट्टीत पिंपळगावहून टोमॅटो भरून आम्ही वाशीला निघालो होतो. नाशिक मागे पडले आणि हेडलाइट पिवळे पडू लागले. इंजीन मात्र ठणठणीत. डिझेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटते, त्याला ठिणगी लागत नाही. म्हणून जुना ट्रक विजेवाचूनही धावत राहतो. हाच मोठा चकवा. पुढे कसाऱ्याचा घाट, त्यात पावसाची भुरभुर, आणि वायपर अर्ध्यावर थांबलेला. दिवे नसलेला भरलेला ट्रक घाटात म्हणजे आपल्याबरोबर दुसऱ्याचेही मरण. टोमॅटो पहाटे बाजारात पोचला नाही तर भाव पडणार, भाडे कापले जाणार, हप्ता थकणार. अण्णांनी क्षणभर पुढच्या अंधाराकडे पाहिले आणि गाडी बाजूला घेतली.

शेडमधले वायरमन काका झोपेतून उठून आले. अण्णा म्हणाले, "बॅटऱ्या नव्याच आहेत, तरी उतरतात."

"मग बॅटरीला कशाला बोल लावता, भाऊ?" काका म्हणाले, आणि त्यांनी मीटर काढला.

इंजीन चालू असताना बॅटऱ्यांवर २८ च्या आसपास व्होल्ट दिसायला हवे होते. काटा २३ च्या पुढे सरकेना. रेस वाढवली, तरी तेच. म्हणजे भरणा होतच नव्हता. काकांनी इंजीन बंद करून पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. ताण ठीक होता. जाड तारेचे नट हलवून पाहिले, घट्ट होते. मग किल्ली फिरवायला सांगितली. चार्जिंगचा लाल दिवा इंजीन सुरू होण्याआधी पेटला पाहिजे आणि नंतर विझला पाहिजे. तो पेटलाच नाही. आता दोष बल्बचा, तारेचा की अल्टरनेटरचा? काकांनी अल्टरनेटरकडे जाणारी ती बारीक तार सोडवली आणि तिचे टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवले. दिवा पेटला! बल्ब निर्दोष, तार निर्दोष. एकच गोष्ट बदलली आणि उत्तर हातात आले. मिलसाहेब तिथे असते तर त्यांनी काकांची पाठ थोपटली असती.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, कारण जाड तारेत किल्ली बंद असतानाही वीज असते. पट्टा सैल करून अल्टरनेटर उतरवला. आत कार्बनचे ब्रश झिजून बोटाच्या पेराएवढेही उरले नव्हते; फिरत्या कड्यांना ते टेकतच नव्हते. कड्यांवर खाचा होत्या, बेअरिंगही खरखरत होते. नुसते ब्रश बदलून भागणार नव्हते. काकांनी जुना ठेवून घेतला आणि दुरुस्त केलेला दुसरा बसवला. शेडमधल्या बॅटऱ्यांच्या आधाराने इंजीन सुरू केले. काटा २७.८ वर जाऊन स्थिर झाला. तासाभराने अण्णांनी हेडलाइट लावले. समोरचे झाड पानापानाने दिसू लागले.

वाशीला पोचायला उशीर झालाच, भाडेही थोडे कापले गेले. पण माझ्या मनात राहिली ती भंगारात गेलेली जुनी जोडी. कदाचित तिचा काहीच दोष नव्हता. वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला आपण "डोक्यात भुसा भरलाय" म्हणतो. तो सकाळी काही खाऊन आला होता का, हे कोण विचारतो? जे रिकामे दिसते त्याला दोष देणे सोपे असते. ते भरायचे कुणी, आणि ते का थांबले, हे पाहायला वाकावे लागते, हात काळे करावे लागतात.

एप्रिल २०२० पासून आलेल्या नव्या ट्रकांत इंधनाचा कारभारही विजेवरच चालतो. तिथे भरणा थांबला तर इंजीनही फार काळ साथ देणार नाही. यंत्रे बदलली, विचारण्याची रीत तीच.

अण्णांच्या केबिनमध्ये आता खंडोबाच्या तसबिरीखाली एक लहानसा मीटर टांगलेला असतो. सकाळी उदबत्ती लावून झाली की ते आधी तो बॅटरीला लावतात, मगच सेल्फ मारतात.