मामाचा वार

परवा सबमिशन संपलं त्या रात्री होस्टेलच्या कॉमन रूममध्ये प्रोजेक्टर लावून 'तान्हाजी' पाहिला. खुर्च्या कमी, पोरं जास्त, त्यात मागून "ए पुढच्या, मुंडी खाली घे!" असा आरडाओरडा. उदयभान पडला तेव्हा अशा शिट्ट्या वाजल्या की रेक्टर सर वर आले... आणि दारात उभं राहून शेवटपर्यंत पिक्चर पाहूनच गेले!

मी मात्र शिट्टी मारली नाही. रूमपार्टनरने विचारलं, "काय रे, व्हायवात उडालास का?" तेव्हा त्याला काही बोललो नाही. ते इथे सांगतो.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, मंचर-घोडेगाव रस्त्यापासून थोडं आत. यात्रेला तमाशा ठरवायचा तर आमचे लोक नारायणगावला जाणार, तिथल्या राहुट्या फिरून सुपारी देणार. पण तमाशाच्या आदल्या रात्री गावातलीच माणसं सिंहगडाचा वग करायची. त्यात शेलारमामाचं काम आमच्या आजोबांचं. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. पहिल्यांदा काम केलं तेव्हा ते तिशीत होते आणि दाढी कापसाची होती. पुढे दाढी खरी पांढरी झाली, पण काम तेच. तलवार लाकडाची, वरून बेगड लावलेली.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. कोंढाण्यावर तानाजी पडले, मावळे मागे पळू लागले, सूर्याजीने दोर कापले. आणि पोवाड्यात ज्यांचं वय ऐंशी सांगितलंय ते शेलारमामा पुढे झाले आणि उदयभानाला त्यांनी लोळवला. अण्णांचा तो वार बघायला बाया पोरांना कडेवर घेऊन उभ्या राहायच्या.

१० जानेवारी २०२० ला 'तान्हाजी' लागला. मी तेव्हा नववीत होतो. अण्णांना घेऊन पुण्याला आत्याकडे गेलो आणि तिथे पिक्चर दाखवला. बाहेर आल्यावर अण्णा गप्प. वाकडेवाडीच्या स्टँडवर मंचरच्या गाडीची वाट बघताना एकदम म्हणाले, "समदं झ्याक केलंय. तोफ काय, घोडी काय! पन मामाचा वार कुठं गेला?"

खरंच की! सिनेमात उदयभान तान्हाजीच्याच हातून मरतो. मी शहाणपणा केला, "अहो अण्णा, हिरो अजय देवगण आहे. शेवटचा वार हिरोचाच असणार ना!"

"आरं, हिरो पडल्यावर कोन उभा ऱ्हातो, त्याची गोष्ट हाय ती," एवढंच बोलून ते गाडीत चढले.

त्याच वर्षी कोरोना आला. २०२० आणि २०२१, दोन्ही वर्षं यात्रा बंद. नारायणगावच्या राहुट्याही सुन्या पडल्या. २०२२ ला यात्रा ठरली तेव्हा पारावर बैठक बसली. आम्हा पोरांना ऑर्केस्ट्रा हवा होता. कुणीतरी वगाचं नाव काढलं. त्यावर "वगाला कोण बसतंय आता?" असं एक पोरगं म्हणालं, आणि सगळे हसले.

ते पोरगं मीच होतो, मित्रांनो.

अण्णा पाराच्या कडेला बसलेले. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि उठून घरी गेले. वाद नाही, राग नाही. यात्रा झाल्यावर तलवार माळ्यावर गेली.

गेल्या शिवजयंतीला आमचं मंडळ शिवज्योत आणायला शिवनेरीवर गेलं. अण्णा म्हणाले, मीपण येतो. सात दरवाजे, प्रत्येक दरवाजात ते टेकले आणि पुन्हा उठले. जन्मस्थानासमोर हात जोडून झाल्यावर पायरीवर बसून आम्हा पोरांना जिजाऊंच्या वडिलांची गोष्ट सांगू लागले. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. त्याच्या आदल्याच वर्षी, १६२९ ला, निजामशहाने लखुजी जाधवरावांना दौलताबादला दरबारात दगा देऊन मारलं, सोबत त्यांच्या मुलांनाही.

"पिकल्याला सरदार," अण्णा म्हणाले. "लढाईत मेला असता तर बोलायचं काम न्हवतं. मुजऱ्याला बोलवून मारला. राजा वाईट म्हंजी दाढी कुरवाळून मोठ्यानं हसनारा न्हवं. जुन्या मानसाला उभं ऱ्हायला जागाच ठेवत न्हाई, त्यो राजा वाईट."

ते लखुजीरावांबद्दलच बोलत होते. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण मला दौलताबाद दिसेना, आमचा पार दिसायला लागला. ज्योत घेऊन धावताना मी एकदाही मागे वळून त्यांच्याकडे पाहू शकलो नाही.

तर परवा पिक्चर संपल्यावर गच्चीवर जाऊन घरी फोन लावला. रात्रीचे साडेअकरा. आईने घाबरतच अण्णांना उठवलं.

"अण्णा, आमच्या गॅदरिंगला सिंहगडाचा दहा मिनिटांचा प्रवेश बसवायचाय. मामाचं काम तुम्ही कराल का?"

बराच वेळ नुसता खोकल्याचा आवाज. माफी मागायची होती, पण शब्द सुचेनात.

मग विचारलं, "उदयभान कोन हाय?"

"माझा रूमपार्टनर. मेकॅनिकलचा. सव्वासहा फूट."

"बरं. मंग बेगड नवी लागंल. येताना मंचरातनं घिऊन ये."