एक मात्रा मागे

दिवाळीच्या पहाटे शेजारच्या घरातून भूपाळी ऐकू आली, की आमची आजी अंथरुणावर उठून बसे आणि त्याच सुराला लागून आपले एखादे ख्रिस्ती भजन गुणगुणू लागे. फराळाचे ताट घेऊन आलेल्या शेजारच्या काकू उंबऱ्यातच थांबत. "आजी, चाल तर आमचीच की हो!" असे म्हणत. आजी हसून म्हणे, "सुराला कुठली आलीय जात, बाई?"

आम्ही नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती. (नगरचे आता अहिल्यानगर झाले आहे.) आजीला अक्षरओळख नव्हती, पण 'उपासना संगीत' या पुस्तकातली कितीतरी गीते तिला तोंडपाठ होती. हे श्रेय मी चालींना देतो. पूर्वी आमच्या देवळांतून भाषांतरित गीते विलायती चालींवर म्हणत. शब्द मराठी खरे. पण चालीच्या ओढाताणीत ऱ्हस्वाचे दीर्घ होई आणि अर्थ बिचारा मागे राहून जाई. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्तकथा कीर्तनात आणली. पुढे नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तो अभंग आणि ओवी ही वडिलार्जित पुंजी बरोबर घेऊनच. मग ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनाही उपासनेत तोंड उघडता आले. चालच शब्दांना धरून ठेवू लागली.

आजीचा आवाज खडा होता आणि ती नेहमी मंडळीच्या एक मात्रा मागे असे. सगळ्यांचे कडवे संपले, तरी तिचे शेवटचे अक्षर रेंगाळतच असायचे. लहानपणी मला याची गंमत वाटे. पुढे लाज वाटू लागली.

1968 साली मी शहरात थोडेफार संगीत शिकून आलो होतो. नाताळसाठी गायकवृंद बसवण्याचे काम माझ्याकडे आले. महिनाभर तालीम करून घेतली आणि आदल्या रात्री, नको ते बोलून गेलो. "आजी, उद्या जरा मनातल्या मनात म्हण. तुझ्यामुळं ताल बिघडतो."

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले. "बरं, बाबा," एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गायन अगदी स्वच्छ झाले. पाळकसाहेबांनी माझी पाठ थोपटली. पण पेटीवरून मान वर करून पाहिले, तर बायकांच्या बाजूची अख्खी सतरंजी गप्प होती. आजीचे ओठ मिटलेले. हात तेवढा मांडीवर ताल धरत होता. तिच्या आजूबाजूच्या पाचसात म्हाताऱ्याही मुकाट्याने बसल्या होत्या.

उपासनेनंतर त्यांतल्या एकीला मी विचारले, "मावशी, आज गायलात नाही?"

"कशा गाणार, बाळा? आम्हाला कुठं वाचता येतंय? तुझी आजी शब्द सांगते, आमच्यासाठी थांबते, मग आम्ही म्हणतो."

एक मात्रा मागे राहण्याचा अर्थ असा मला कळला. घरी येऊन मी आजीच्या पायांशी बसलो; पण क्षमेचा शब्द काही ओठांवर येईना. तीच म्हणाली, "पुढच्या रविवारी पेटी जरा सावकाश वाजव रे."

त्या रविवारी मी पेटी सावकाश वाजवली. गायकवृंद कुरकुरला. सतरंजी मात्र गात होती.

आता आमच्या देवळात गिटार आली आहे, शब्द भिंतीवरच्या पडद्यावर उमटतात. मुले सुरेख गातात. माझी काही तक्रार नाही. फक्त माझ्या शेजारी बसणाऱ्या वृद्ध मित्राला तो पडदा नीट दिसत नाही. परवाच्या रविवारी पुढच्या बाकावरच्या एका मुलाने वळून माझ्याकडे पाहिले. माझे शेवटचे अक्षर अजून संपले नव्हते.