जस्ताची साल

गुरुवारी भर दुपारी रसवंतीवाल्याचा फोन आला. "गिअर नुसताच गरगरतोय, चरक जाग्यावर. या की लवकर!" अक्कलकोटात गुरुवारी वटवृक्ष मंदिराकडे किती माणूस लोटतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला त्या आवाजातली घाई कळेल.

तो गिअर तीन आठवड्यांपूर्वी मीच बसवला होता. यंत्र रोज धुतात, शाफ्ट गंजतो, म्हणून मालकाच्या हट्टाखातर 28 मिलिमीटरचा शाफ्ट सोलापूरहून जस्ताचं प्लेटिंग करून आणला. चावीची खाच नव्हती. गिअर नुसता दाबून बसवायचा. भोक 28.00 ते 28.02, शाफ्ट त्याहून दोनतीन शतांश जाड, हे माप मी प्लेटिंगच्या आधीच धरलं होतं. आठ मायक्रॉनचा थर दोन्ही अंगांनी चढतो आणि व्यास सोळानं वाढतो, हे कळत होतं. वाटलं, वाढला तर बरंच, आणखी घट्ट बसेल.

प्रेसवर बसवताना जोरही भरपूर लागला. गिअरच्या पुढे चांदीसारखी बारीक साल गोळा होत होती. मी ती फडक्यानं पुसली आणि खूश झालो.

आता गिअर काढला, तर पुलरला फारसे कष्ट पडलेच नाहीत. शाफ्टवर लांबट ओरखडे, त्यांत उघडं पोलाद, भोकात फासलेलं जस्त. मऊ जस्त कडेनं खरवडून पुढे ढकललं गेलं होतं. उरलेलं फासलं जाऊन दोन पोलादांमध्ये निसरडं अस्तर झालं होतं. घट्टपणा म्हणून मी जे मोजलं, त्यातला बराचसा भाग माझ्याच फडक्यात गेला होता. आत घालताना लागलेला जोर म्हणजे पकड नव्हे, हे तेव्हा उमगलं.

शेजारच्या लेथवरचे अण्णा म्हणाले, "दाबतोस कशाला? तापवून घाल."

उरलेल्या तुकड्यांवर करून पाहिलं. त्याच मापाचे दोन प्लेटेड तुकडे. एक दाबला, दुसऱ्यावर कडी तापवून अलगद सरकवली. थंड झाल्यावर दोन्ही ओढून काढले. तापवलेल्याला प्रेसचा काटा बराच वर गेला. तिथं साल निघतच नाही. आवळणारी कडी मऊ थराला पृष्ठभागाच्या बारीक खाचांत चेपते. म्हणजे दोष प्लेटिंगचा नव्हता, माझ्या घाईचा होता.

तरी रसवंतीला मी धोका पत्करला नाही. नवा शाफ्ट, गिअरच्या जागेवर टेप गुंडाळून बाकीच्यालाच प्लेटिंग. मग गिअर दीडशे अंशांनी तापवला. एवढ्यानं 28 चं भोक जवळपास 50 मायक्रॉन पसरतं. हातमोज्यांनी सरकवला. हूं की चूं नाही.

मालकानं वाकून पाहिलं. गिअरच्या कडेला दोन मिलिमीटरची काळपट पट्टी दिसत होती. "एवढंच चमकवायचं राहिलं व्हय?"

मी ग्रीस लावलं आणि रसाचा ग्लास मागितला. पैसे त्यानं घेतलेच.