पंढरपूरचे हुसेन आणि शाईची रेघ

आमच्या मोहोळपासून पंढरपूर तासाभराच्या एसटीवर. तिथली ओळख सांगताना विठोबा, चंद्रभागा, बुक्का एवढं पुरतं. मकबूल फिदा हुसेन तिथलेच, जन्म १९१५ चा, हे क्वचितच कुणी सांगतं. सांगितलंच तर पुढचा प्रश्न ठरलेला, "तेच ना, सरस्वती काढणारे?"

खरं तर हुसेन यांचा पसारा रंगांचा. घोडे, मदर तेरेसा, लोहियांच्या सांगण्यावरून केलेली रामायणाची मोठी मालिका. निव्वळ रेघांत देवदेवता काढणं अधूनमधूनचं. सरस्वतीचं ते रेखाटन सत्तरच्या दशकातलं. १९९६ साली एका हिंदी मासिकानं ते छापलं आणि गहजब झाला. चित्र तेच, वीस वर्षांत बदललं होतं ते आजूबाजूचं हवामान. ८ मे २००८ ला दिल्ली हायकोर्टानं त्यांच्यावरचे खटले रद्द केले, पण तोवर नव्वदी ओलांडलेला माणूस देशाबाहेर गेला होता. २०११ मध्ये लंडनला इंतकाल झाला, दफनही तिकडेच.

ही रेघ आली कुठून? लहानपणी बडोद्याच्या मदरशात ते खत शिकले, म्हणजे सुलेखन. खतात खोडरबर चालत नाही. कलम टेकवलं की वळण पुरं करूनच उचलायचं. त्यांची रेखाटनं पाहताना मला तोच हात दिसतो. सरस्वती काढतानाही हात मदरशातलाच होता. या गोष्टीचं मला भारी अप्रूप आहे.

ते विशिष्ट चित्र मला स्वतःला फारसं आवडत नाही. एखाद्या भक्ताचं मन दुखावलं असेल, तर तेही मी खोटं म्हणणार नाही. पण आपल्यातलेच बुजुर्ग म्हणतात, "त्यांना काय गरज होती? स्वतःच्या मजहबवर काही करून दाखवायचं!" त्यांनी तेही केलं की. २००४ च्या 'मीनाक्षी' सिनेमातल्या कव्वालीत कुराणातले शब्द आले म्हणून आपल्याच उलेमांनी आक्षेप घेतला आणि सिनेमा थिएटरांतून उतरवावा लागला. तेव्हा आपल्यापैकी किती जण त्यांच्या बाजूनं बोललो?

आणि 'गरज' हा शब्द आपल्या तालुक्यात तरी जपून वापरावा. वडवळच्या नागनाथाच्या परंपरेत आलमखान हे मुसलमान संतकवी होऊन गेले. त्यांचं नाव आपण अभिमानानं सांगतो. त्यांना काय गरज होती, असं विचारत नाही.