कळतं ना, मग झालं!

कोकणी ही मराठीची बोली, असं मी वर्षानुवर्षं ठणकावून सांगत आलो. पुण्यात बसून सांगायला काय जातं? साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं, त्याला मी राजकारण म्हणायचो. १९८७च्या कायद्याने गोव्यात देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी कामात वापराची मुभा तेवढी राहिली, हा तर मला सरळ अन्याय वाटे.

मडगावच्या मित्राशी यावरून वाद घालायचो. ‘‘तुम्ही पेपर मराठी वाचता, कीर्तनं मराठीत ऐकता, लिपी तीच. मग वेगळी राजभाषा कशाला?’’ तो हसून विषय बदलायचा. मराठीतच.

२०२५च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला. मी संतापलो. आमच्या सोसायटीतले एक हिंदी भाषक गृहस्थ, अगदी सज्जन, म्हणाले, ‘‘सिनेमे तुम्ही हिंदी बघता, माझ्याशी हिंदीत बोलता, लिपीही एकच. मग अडचण काय?’’ मी तावातावाने सुरू झालो: कळते म्हणून ती आमची होत नाही, तुमच्याशी हिंदीत बोलतो ते तुमची अडचण होऊ नये म्हणून...

आणि पुढे बोलवेना. मडगावचा मित्र माझ्याशी मराठीत का बोलत होता? एवढ्या वर्षांत त्याची कोकणी मी ऐकलीच नव्हती, ऐकव असं म्हटलंही नव्हतं. त्याच्या भिडेलाच मी माझ्या बाजूचा पुरावा करून टाकलं होतं. महाराष्ट्रात हिंदीवर चिडणारा मी गोव्यात पोचलो की नेमका तोच सज्जन गृहस्थ होत होतो. फक्त तेवढा सभ्य नव्हतो.

सरकारने जूनअखेर हिंदीचा तो निर्णय मागे घेतला. मी मित्राला फोन लावला आणि कोकणीत बोल म्हटलं. तो बोलला. बोली म्हणे! मला निम्मंच कळलं.

पण कोकणीच्या रोमी, म्हणजे रोमन, लिपीचा विषय काढला तेव्हा तोही फणकारला. तियात्रं, म्हणजे गोव्यातली कोकणी नाटकं, रोमीत लिहिली जातात, चर्चमधली पुस्तकं रोमीत, तरी कायद्यात फक्त देवनागरी. ‘‘देवनागरी शिकतात की शाळेत सगळे,’’ तो म्हणाला. मी काहीच बोललो नाही. मला बोलायचा हक्क होता कुठे?

गोव्यात मराठीलाही राजभाषेचा दर्जा द्या, या मागणीच्या पत्रकावर परवा सही मागितली गेली. पूर्वी मीच पेन काढून पुढे झालो असतो. गोव्यात मराठीवर मनापासून जीव असलेली कितीतरी घरं आहेत. त्यांच्यावर ती कुणी लादलेली नाही. त्यांनी जरूर मागावं. मी मात्र सही केली नाही. मागणारे सगळे पुण्याचेच होते.