लाईट गेली

मृगाच्या आधीचे ढग समुद्रावर जमले की अलिबागजवळच्या नागावात दोन गोष्टी पाठोपाठ होतात. आभाळात वीज कडाडते आणि वाडीत लाईट जाते. शास्त्राच्या हिशेबात दोन्ही एकच, पण बोलण्यात त्यांची गल्लत कधी होत नाही. वीज पडते, लाईट जाते. वीज आभाळाची, तारेतून येते ती लाईट. बिल लाईटचं, खांब लाईटचा. विहिरीवरचा पंपसुद्धा लाईटवर चालतो. इंग्रजीत उजेड, दिवा एवढ्यापुरता असलेला शब्द आपल्याकडे अख्खी वीज झाला. म्हणून तर भर दुपारच्या लख्ख उन्हातही ‘लाईट गेली’ म्हणताना कुणी अडखळत नाही.

मग ‘दिवा गेला’ का नाही म्हणायचं? कारण ते कुणाच्या तोंडून निघणारच नाही. देवापुढचा दिवा विझला, असंही जुन्या बायका म्हणत नाहीत. शांत झाला म्हणतात. तिन्हीसांजेला तुळशीपाशी पणती ठेवणाऱ्या बाईला ‘दिवा गेला’ हे शब्द अभद्र वाटतात. परका शब्द या भयापासून मोकळा होता. ऐन दिवेलागणीलाही ‘लाईट गेली गं’ अशी हाक मारता येते आणि कुणाच्या काळजात धस्स होत नाही. मला वाटतं, या शब्दाला इथे एवढी जागा मिळाली ती यामुळेच. घरात घेताना आपण त्याला विजेचं स्त्रीलिंगही देऊन टाकलं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. नारळी-पोफळी मुळासकट उपटून तारांवर पडल्या, खांब वाकले, आणि तालुक्यातल्या कित्येक गावांचे दिवसांमागून दिवस अंधारात गेले. पंप बंद, म्हणजे टाकी रिकामी. मोबाईल बंद, म्हणजे मुंबईतल्या मुलांना खुशाली कळवायची सोय नाही. त्या दिवसांत हा शब्दच बोलण्यातून गळून पडला. कुंपणापलीकडून नुसती विचारणा व्हायची, “आली का?” इकडून उत्तर जायचं, “नाही अजून.” काय आली, हे कुणालाही विचारावं लागत नव्हतं.

बाकीचे अर्थ आहेतच. पर्यटकाला रात्री लाईट जेवण हवं असतं, साडीचा रंग लाईट असतो, मित्र म्हणतो, ‘लाईट घे रे.’ हा ‘हलका’ लाईट इंग्रजीत मुळात वेगळाच शब्द. आपल्याकडे तो जुळ्या भावासारखा मागून आला. कोळ्यांच्या तोंडी मात्र लाईट फार जड होते. थळसमोरच्या खांदेरीवर १८६७ पासून दीपगृह आहे. त्याचा उजेड होडीला वाट दाखवतो. आता समुद्रात दुसराही उजेड दिसतो, बंदी असताना पाण्यावर एलईडी सोडून मासळी गोळा करणाऱ्यांचा. लहान जाळीवाल्याच्या वाट्याचा घास तो ओढून नेतो. एकाच शब्दात घरी आणणारा उजेडही आहे आणि उपाशी ठेवणाराही.

शेजारच्या अक्षीत शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा, शिलालेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. हजार वर्षांहून अधिक काळ ही भाषा या किनाऱ्यावर नांदते आहे. तिला एका पाहुण्या शब्दाची धास्ती नाही. ‘लाईट गेली’ या वाक्यातली ‘गेली’ तिची आहे, आणि वाक्य चालतं ते त्या क्रियापदावर.

तेव्हा संपादकांना आणि पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांना एक विनंती. महावितरणच्या सूचनेत ‘वीजपुरवठा खंडित’ जरूर छापा. तिथे ते शोभतं. पण गोष्टीतली आजी अंधारात चाचपडत काडेपेटी शोधत असेल, तर तिला ‘लाईट गेली’ असंच म्हणू द्या.