काठाचे दोन रुपये

मराठी माणूस कापडाकडे पाहतो तो आधी काठाकडे पाहतो. लुगडे घ्यायला दुकानात आलेल्या बायका पाहा. गादीवर टेकल्या न टेकल्या तोच त्यांचा हात जातो तो काठावर. अंगाचा रंग, पोत या गोष्टी मागाहून. पैठणीचे मोल काठपदरावर ठरते. धोतराला काठ हवा, उपरण्याला काठ हवा; फार काय, आपल्या भाषेने नदीलासुद्धा काठ नेसवला आहे! अशा या काठवेड्या समाजात हातविणीच्या स्वेटरचा काठ मात्र कुणी पाहत नाही. जो तो म्हणतो, "नक्षी काय छान आहे हो!" अहो, नक्षी पुस्तक समोर ठेवून कुणीही घालील. विणणारीचा हात ओळखावा तो गळपट्टीवरून, मनगटावरून आणि स्वेटर उलटा करून.

उलटा करून पाहण्याची ही सवय मला माझ्या आत्याने लावली. आत्या गोरेगावची. मुंबईकर वाचकांनी लगेच लोकल गाडी आठवू नये. हे गोरेगाव सेनगाव तालुक्यातले. माझ्या लहानपणी ते परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून हिंगोलीत आहे. आमच्याकडे ऊन कडक, हे सर्वांना ठाऊक असते. पण परभणीच्या बाजूची थंडी काय असते, ते दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत पारा छापून येतो त्यावरून कळावे. पहाटे कापूस वेचायला निघालेल्या बाया डोक्यावरून वाकळ घेऊन जात. आणि ज्यांच्या घरी नोकरीचा पैसा होता, त्यांची मुले आत्याने विणलेले स्वेटर घालून शाळेत जात.

आत्या ऐन तिशीत विधवा होऊन, एक मुलगा घेऊन माहेरी परत आली होती. माझ्या वडिलांनी तिला कधी काही कमी पडू दिले नाही, पण मुलाची फी आणि वह्या-पुस्तके यांसाठी भावापुढे हात पसरायचा नाही, असे तिने ठरवून टाकले होते. तालुक्याच्या गावचा एक दुकानदार तिला लोकर द्यायचा आणि विणलेले स्वेटर परत घ्यायचा. लोकर त्याची, हात हिचे. मजुरी गुंडीवर. दहा गुंड्यांचा स्वेटर झाला तर दहा गुंड्यांची मजुरी. दिलेली लोकर सगळी परत आली की नाही, हे पाहायला तो स्वेटर तराजूत टाकी. हिशेब सरळ होता, आणि त्या सरळपणातच त्याची गोम होती.

ती कळण्यासाठी विणकामातले थोडे सांगायला हवे. पुरुष वाचकांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल. पण गाळू नये, कारण गळा त्यांचाच आवळला जातो.

मागावरच्या कापडाला काठ फुकट मिळतो. आडवा धागा कडेला पोचला की वळून परत येतो, त्यामुळे कापडाच्या दोन्ही बाजू आपोआप बांधल्या जातात. सुटी राहतात ती उभ्या धाग्यांची टोके. सुयांवरच्या विणीचे तसे नाही. ती सगळी एकाच धाग्याची, फासात फास अडकवून केलेली. शेवटचा फास उघडा राहिला की सारा स्वेटर त्या एका फासाच्या भरवशावर. शिवाय साध्या विणीला एक खोड असते. तिच्या एका अंगाला सगळे टाके सुलट आणि दुसऱ्या अंगाला सगळे उलट. वाकवलेला धागा सरळ व्हायला पाहतो, आणि दोन अंगांचा तोल नसल्यामुळे कापड बाजूंनी मागे वळते, खालून-वरून पुढे गुंडाळते. कितीही इस्त्री करा, ते पुन्हा वळणारच. म्हणून काठाला एक सुलट, एक उलट अशी वीण घालायची. दोन्ही अंगे सारखी झाली की काठ सपाट बसतो, आणि वर ताणला तर ताणतो, सोडला तर परत येतो. लहान मुलांच्या स्वेटरला आत्या साबुदाण्याची वीण घाली. ती ताणत नाही, पण वळतही नाही.

अंग नऊ नंबरच्या सुयांवर, काठ अकरा नंबरच्या सुयांवर. (नंबर वाढला की सुई बारीक होते, हे उलटे गणित कुणी काढले कोण जाणे.) मग गळा. गळपट्टीसाठी कडेचे टाके उचलायचे असतात, आणि इथे भल्याभल्यांचा हात फसतो. टाका रुंदीला जास्त असतो आणि ओळ उंचीला कमी. त्यामुळे उभ्या कडेवर प्रत्येक ओळीला एक टाका उचलला तर गळ्याला झालर येते. फार कमी उचलले तर गळा चुण्या पडून आत खेचला जातो. चार ओळींत तीन टाके उचलावे आणि चौथी ओळ सोडावी, असा आत्याचा हिशेब होता. इंग्रजी आकाराचा टोकदार गळा असेल तर मधला एक टाका शेवटपर्यंत देवासारखा उभा ठेवायचा आणि त्याच्या दोन्ही अंगांनी टाके कमी करत जायचे. आणि सर्वांत शेवटी टाके बंद करायचे ते जाड सुईवर, सैल हाताने. गळपट्टी दिसायला सुरेख आणि डोक्यातून जाता जात नाही, मुलाचे कान लाल, मूल रडते आहे, आई ओढते आहे, हे दृश्य ज्यांनी पाहिले नाही त्यांनी हातविणीचा स्वेटर पाहिलाच नाही. कधी कधी आत्या सुया बाजूला ठेवून रफूच्या मोठ्या सुईनेच एकेक टाका शिवून बंद करी. पुढे मी वाचले की एलिझाबेथ झिमरमन या अमेरिकेत स्थायिक झालेल्या इंग्रज बाईंनी अशीच एक रीत प्रसिद्ध केली. त्यांचे पुस्तक १९७१ सालचे. आत्याला मी ते सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तिलाबी तराजूवाला भेटला होता का गं?"

तर तो तराजू. मोठ्या माणसाच्या स्वेटरच्या गळपट्टीला लोकर लागते अर्धी गुंडी, आणि वेळ लागतो अख्खा दिवस. पाठीची वीण आत्या गप्पा मारता मारता, चुलीवरची भाकरी पाहता पाहता विणी. गळ्याला मात्र ती दारात उजेडाला बसे आणि कुणाशी बोलत नसे. ओठ हलत ते टाके मोजण्यासाठी. त्या दिवसाची मजुरी अर्ध्या गुंडीची. जिथे अक्कल जास्त लागते, डोळे जास्त लागतात, तिथे वजन कमी भरते, असा हा व्यवहार होता. आत्याने दुकानदाराला एकदा सांगून पाहिले, दोनदा सांगून पाहिले. तो म्हणाला, "बाई, काठाला वजन नाही. मी काय करू?"

माणूस वाईट नव्हता. त्याच्याजवळ तराजू होता, आणि तराजूला जे कळते तेवढेच त्याला कळत होते.

पुढची हकीकत मी वडिलांच्या तोंडून ऐकली आहे. आत्या ती स्वतः कधी सांगत नाही. त्या हिवाळ्यात तिने सहा स्वेटर नेऊन दुकानात ठेवले. पाठ झालेली, पुढचा भाग झालेला, बाह्या जोडलेल्या, शिवणी चापूनचोपून. पण गळा नाही. गळ्याचे टाके एका जाड दोऱ्यात ओवून ठेवलेले, आणि उरलेली अर्धी अर्धी गुंडी प्रत्येकाच्या बाहीला बांधलेली. वजन बरोबर भरले.

"अन् गळा?" दुकानदाराने विचारले.

"गळ्याला वजन नाही म्हणलात. मग तेवढा तुमीच घाला."

आणि ती एस.टी.ने परत आली.

वडील सांगतात, त्या रात्री घरात कुणी नीट जेवले नाही. काम गेले तर मुलाची फी कुठून येणार, हा प्रश्न होता. आणि आत्याला तो इतरांपेक्षा जास्त ठाऊक होता. दुकानदाराने ते स्वेटर दुसऱ्या एका बाईकडे दिले. तिने सहापैकी दोघांचे गळे घातले. एकाला झालर आली आणि दुसरा डोक्यातून जाईना. तीन आठवड्यांनी दुकानातला पोऱ्या ते गाठोडे घेऊन गोरेगावला आला. निरोप होता : गळ्याचे दोन रुपये वेगळे देऊ. आत्याने मागितले होते चार. खालच्या काठाचे आणि मनगटाचे काहीच मिळाले नाही, आणि पुढच्या वर्षी गुंडीचा दर त्याने चार आण्यांनी उतरवला. म्हणजे एकूण पाहता आत्याच्या पदरात फार पडले, असे नव्हे. पण दुकानाच्या वहीत गुंडीच्या खाली एक नवी ओळ आली : "काठ – २ रु." ती ओळ तिने पोऱ्याकडून दोनदा वाचवून घेतली, असे वडील सांगतात. त्या सहा गळ्यांचे बारा रुपये तिने मोजून घेतले आणि मग झालर आलेला गळा आधी उसवला.

पुढे हे सगळेच मागे पडले. लुधियानाचे यंत्रावरचे स्वेटर आले; हिवाळ्यात शहरांतून तिबेटी विक्रेत्यांच्या रांगा लागू लागल्या. हातविणीची मजुरी परवडेना. आत्याचा मुलगा तोवर शिकून नोकरीला लागला होता. पण काठाची गोष्ट यंत्रानेही अजून पुरती सोडवलेली नाही, हे कळल्यावर मला बरे वाटले. चांगल्या कारखान्यात गळपट्टी अंगाला टाक्याला टाका मिळवून जोडतात. त्यासाठी खिळ्यांचे एक गोल चक्र असते, आणि त्या एकेका खिळ्यावर एकेक टाका कारागीर आपल्या हाताने चढवतो. पाठ यंत्र विणते. गळ्याशी आले की माणूस लागतो. स्वस्त मालात हे करीत नाहीत. कापड कापून कडेला यंत्राचा टाका मारतात. आत्या आता ऐंशीच्या घरात आहे, बोटे वाकत नाहीत. तरी कुणी नवा स्वेटर घालून आले की म्हणते, "काय बघायलीस समोरून? उलटा कर." मग कडेवरून अंगठा फिरवते. चांगला निघाला तर काही बोलत नाही.

मी मराठी शिकवते, म्हणून एक शब्द सांगते. संस्कृतात 'दशा' म्हणजे अवस्था, आणि 'दशा' म्हणजेच वस्त्राची सुटी टोके. मराठीत उपरण्याच्या दशा आणि माणसाची दशा असे दोन्ही अर्थ अजून नांदत आहेत. बीजेच्या कोवळ्या चंद्राला अंगावरच्या वस्त्राची दशी वाहायची, जुने घे आणि नवे दे असे त्याला विनवायचे, ही रीत आमच्या घरी होती. भाऊबीज ही वर्षातली सगळ्यांत मोठी बीज. ओवाळणीआधी आम्ही मुले अंगणात उभी राहत असू. थंडी नुकती पडू लागलेली, अंगात आत्याचे नवे स्वेटर. माझा धाकटा भाऊ दशी काढायला बाहीचा धागा ओढू लागला की आत्या ओरडे, "अरे, लोकरीतून ओढायची नाही, समदा उसवंल!"

त्यासाठी तिने एक बिस्किटांचा डबा ठेवला होता. स्वेटर पुरा झाला म्हणजे दोऱ्यांची शेपटे शिवणीच्या कडेने आत ओवून घ्यायची आणि उरलेले टोक कापायचे असते. ती बोटभर टोके आत्या त्या डब्यात टाकी. बीजेला ज्याच्या त्याच्या स्वेटरच्या रंगाचे एकेक टोक ती हातावर ठेवी. आम्ही ते चंद्राकडे भिरकावीत असू. आणि वाऱ्याने ती बहुतेक गोठ्यावरच्या कडब्यात जाऊन पडत.